कोऱ्हाळ्याच्या रानात बसलेली मेंढरं

माझ्या ऑफिसात एखादी नुकती पदवी घेतलेली पोरगी येते, खुर्चीच्या टोकावर बसते आणि विचारते, मॅडम, आधी एक-दोन वर्षं नोकरी करू का डायरेक्ट लॉला ॲडमिशन घेऊ? मी आधी तिला चहा पाजते. चहा येईपर्यंत तिच्या घरी कोण कोण आहे, वडील काय करतात, आई कशी आहे हे सगळं काढून घेते. पोरींना वाटतं, बाई उगाच चांभारचौकशा करतायत. वाटू दे. मार्क किती आणि कॉलेज कुठलं हे नंतर बघता येतं, पण घरात कोण आहे ते आधी कळलं पाहिजे. माझ्या वेळी तर हा सगळा प्रश्न मेंढरांवर येऊन थांबला होता. हे त्या पोरींना सांगत बसले तर पक्षकार दारात ताटकळतील, म्हणून त्यांना सांगत नाही. इथं मात्र निवांत सांगते.

आमची वस्ती कळंबच्या अलीकडं, कॅनॉलच्या फाट्याला लागून. आज्याच्या काळापर्यंत आमचं घर म्हणजे घोड्याच्या पाठीवर मावेल तेवढंच. मग फाट्याचं पाणी रानाला मिळालं आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, दोन खणांचं पत्र्याचं घर बांधलं, दारात शेवगा लावला आणि आईला तिथं बसवलं. स्वतः मात्र बसले नाहीत. दिवाळी झाली की आबा आणि माझा चुलतभाऊ नामादादा मेंढरं घेऊन निघायचे ते बारामती, कोऱ्हाळे, नीरा करत घाट उतरून कोकणात, आणि पावसाळा तोंडावर आला की माघारी. घोड्यावर पिठाची चुंगडी, भांडी, वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, आणि सगळ्यांत वर दोन कोंबड्या, नामादादाच्या बायकोनं पाय बांधून ठेवलेल्या. मी फाट्याच्या पुलापर्यंत मागं मागं जायची. पुलावर आबा म्हणायचे, जा आता घरी, आणि मी जायची नाही, कठड्याला टेकून धुरळा खाली बसेपर्यंत बघत राहायची.

त्यामुळं आमच्या घराला ऋतू दोनच, आबा असलेला आणि आबा नसलेला. आबा असायचे तेव्हा घराच्या मागं मेंढरं. रवंथाचा आवाज, मधेच कुणाचं तरी खोकणं. मेंढरं अगदी म्हाताऱ्या माणसागत खोकतात. ती गेली की पहिले काही दिवस आम्हाला झोप लागायची नाही, इतकं शांत वाटायचं. आई सवयीनं भाकरी जास्त थापायची आणि मग दुसऱ्या दिवशी त्यांचा कुस्करा फोडणीला टाकून मला डब्यात द्यायची. बारामतीच्या मैत्रिणींना वाटायचं, हिच्या घरी हा काहीतरी खास पदार्थ करतात. मी पण कधी खरं सांगितलं नाही. आबा परत यायचे तेव्हा घोंगड्याला धुराचा आणि सुक्या मासळीचा वास असायचा, आणि खोळीत फणसाच्या आठळ्या. त्या आई चुलीच्या राखेत भाजायची. आजही कुणी कोकणातून फणस आणला तर मी गरे वाटून टाकते आणि आठळ्या ठेवून घेते. घरचे हसतात.

आबांची एक हाळी होती. "हुर्रऽऽ यीऽऽव, यीव यीव." पहिला भाग छातीतून, दुसरा नाकातून. ती ऐकली की बांधाबांधावर पसरलेली मेंढरं माना वर करायची आणि कुणीतरी दोरी ओढल्यासारखी एका रेषेत चालू लागायची. लहानपणी मी बांधावर उभी राहून तशीच हाळी द्यायची. मेंढरं मान वर करायची, माझ्याकडं बघायची आणि परत चरायला लागायची. आबा पोट धरून हसायचे. म्हणायचे, त्यांस्नी कळतंय, ही बारकी हाय म्हनून.

वकील व्हायचं वेड कुठून लागलं ते सांगते. वाटेवरचा माणूस म्हणजे सगळ्यांचा रागावायचा हक्काचा माणूस. कुणाच्या बांधाचं काही झालं की बोलणी आबांना. आबा कधी कधी शंभर टक्के बरोबर असायचे, तरी पटका काढून हात जोडायचे आणि पुढं निघायचे. मी बाजूला उभी राहून आतल्या आत उकळायची. मला भांडायचं होतं. भांडायचं रीतसर शिक्षण असतं आणि वर त्याची सनद देतात हे कॉलेजात कळलं तेव्हा मला केवढा आनंद झाला. आईचं मत वेगळं होतं. ती सगळ्या पावण्यांना सांगायची, ही लई भांडखोर हाय, हिला एखाद्या वकिलालाच द्या.

बी.ए.चा निकाल लागला त्या जूनमध्ये आबा कोकणातून लंगडत आले. घाटात पाय घसरून गुडघ्यावर पडले होते. मला काही बोलले नाहीत, पण उठताना भिंतीला हात लावायचे ते मी पाहिलं. कॉलेजातले आमचे सर म्हणत होते, पुण्याला जा, याच वर्षी लॉला नाव घाल, एकदा कमवायला लागलीस की पुस्तक हातातून सुटतं. ज्यांच्याकडं मी कॉलेजात असताना टायपिंगला जायची ते वकीलसाहेब म्हणत होते, दोन वर्षं माझ्याकडं काम कर, कोर्टाच्या पायऱ्या झिजव, मग पुस्तकं वाच. पुस्तकातला कायदा आणि बारामतीतला कायदा यांची सोयरीक जुळायला वेळ लागतो. दोघंही मला हुशार समजत होते आणि दोघांचंही पटत होतं. पण मी ठरवलं ते या दोघांच्या बोलण्यावर नाही. मी ठरवलं आबांच्या त्या भिंतीला लावलेल्या हातावर. मी पुण्याला गेले तर आबा आणखी तीन वर्षं घाट चढणार आणि उतरणार. मी पगार घरात आणला तर आबा घरी राहतील. आणि खरं सांगायचं तर लहानपणापासून मला एकच गोष्ट हवी होती, दिवाळी झाल्यावरही ओट्यावर बसलेले आबा. ती आता माझ्या हातात आली होती.

मी जेवताना सांगितलं की मी नोकरी धरलीय, लॉचं नंतर बघू, मेंढरं नामादादाला अर्धलीनं द्या आणि तुमी घरी राहा. अर्धलीनं म्हणजे राखायची त्यानं आणि होणारी कोकरं निम्मी निम्मी. आबांनी घास हातात धरून माझ्याकडं बघितलं. मग आईकडं बघितलं. आणि म्हणाले, "बरं." एवढंच. मी किती खूश झाले म्हणून सांगू. मला वाटलं, बघा, मनातलंच बोलले मी त्यांच्या.

त्या दिवाळीनंतर नामादादा एकटाच बायकोला घेऊन निघाला. आबा पुलापर्यंत गेले. या खेपेला पुलावर थांबणारे आम्ही दोघं होतो. मी त्यांचा हात धरला होता. धुरळा खाली बसला तरी आबा हलेनात, तेव्हा मीच म्हटलं, चला आता घरी.

माझी नोकरी झकास चालली होती. सकाळच्या एसटीनं बारामती, खिडकीजवळची जागा, वकीलसाहेबांच्या ऑफिसात काळं जाडजूड टाइपरायटर, कार्बनमुळं निळी झालेली बोटं. वादी मजकूर, प्रतिवादी मजकूर, सबब अर्ज. मी इतकी पटापट टाइप करायची की साहेब पान लावता लावता मजकूर सांगायचे आणि पान तोंडात जायच्या आत माझा कागद बाहेर. लॉचं नाव काढलं की साहेब म्हणायचे, अगं, थांब की, अजून तुझं शिकून कुठं झालंय. एक वर्ष म्हणता म्हणता दुसरं लागलं. मलाही घाई नव्हती. संध्याकाळी एसटीतून उतरलं की ओट्यावर आबा दिसायचे, दिसले की माझा शीण जायचा. ते काय करतायत हे मी कधी नीट पाहिलंच नाही. ते काहीच करत नसायचे. आई ज्वारी राखायला जायची, आबा शेवग्याकडं बघत बसायचे. पावसाळ्यात मेंढरं परत आली तेव्हाही ते त्यांच्याकडं फारसे फिरकले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, नामाला वाटायचं म्हातारा तपासनीस आलाय.

मग कधीतरी ते माझ्याबरोबर बारामतीला यायला लागले. पोरीला सोबत म्हणून, असं आईला सांगितलं त्यांनी. दिवसभर कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली पटका गुडघ्यावर ठेवून बसायचे आणि संध्याकाळी माझ्याबरोबर परत. चहावाला पोरगा ओळखीचा झाला होता. येणारेजाणारे विचारायचे, तारीख हाय का आबा? आबा म्हणायचे, व्हय, रोजचीच हाय. मी खिडकीतून ऐकायची आणि हसायची. आता ते आठवलं की हसू येत नाही.

दुसऱ्या दिवाळीनंतर नामादादा परत निघाला. आम्ही पुलावर परत उभे राहिलो. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारच्या आत, ऑफिसचा फोन वाजला. कोऱ्हाळे बुद्रुकच्या एसटीडी बूथवरून नामादादा रडत होता. मेंढरं अडकलीत, म्हणाला, दोन भाऊ मारामारीवर आलेत, काय करू? त्याला हा एकच नंबर पाठ होता. वकीलसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, तूच जाऊन बघ, भांडण माझ्याकडं यायच्या आत मिटलं तर तेवढंच पुण्य. मी लिंबाखालून आबांना उठवलं आणि आम्ही नीरेची गाडी धरली. गाडीत मी मनातल्या मनात कलमं घोळवत होते. आबा खिडकीतून रानं बघत होते.

झालं होतं ते असं. कोऱ्हाळ्यात दोन सख्ख्या भावांचं एकत्र रान होतं. उसाची लागण करायच्या आधी ते दरवर्षी आमची मेंढरं रानात बसवून घ्यायचे. मेंढरं रात्रभर बसली की लेंडी-मूत पडतं, त्याच्यासारखं खत नाही, आणि त्याच्या बदल्यात मेंढक्याला धान्य मिळतं. बोली तोंडीच असते. या वर्षी थोरल्या भावानं बाजारात नामादादाला गाठून बोली केली. पण मधल्या काळात भावांची वाटणी झाली होती, एकमेकांशी बोलणं बंद होतं, आणि विहिरीजवळचं नेहमीचं रान धाकट्याच्या वाट्याला गेलं होतं. नामादादाला हे कुणी सांगितलं नाही. संध्याकाळी तो पोचला तर मेंढरांनीच वाट धरली आणि दरवर्षीच्या जागी जाऊन बसली. जनावरांना वाटणी कुठली ठाऊक? नामादादानं आपली वाघूर लावली आणि झोपला. रात्री चार-दोन मेंढरं जाळीखालून निसटून धाकट्याच्या घासात शिरली. घास म्हणजे जनावरांसाठी लावलेला हिरवा चारा. सकाळी धाकटा आला तो ट्रॅक्टर घेऊनच. बांधाच्या तोंडावर ट्रॅक्टर आडवा लावला, इंजिन चालूच ठेवलं आणि म्हणाला, भरपाई टाका, मग मेंढरं न्या. थोरला पलीकडून ओरडत होता, माझी बोली हाय, आत्ताच्या आत्ता माझ्या रानात आणा.

आम्ही पोचलो तेव्हा मेंढरं त्या इंजिनाच्या धडधडीला भिऊन एकमेकांत डोकी खुपसून गोल उभी होती. मेंढरू भ्यालं की असं गोळा होतं, मग त्याला मारा, ओढा, ते हलत नाही. नामादादाचा ओरडून ओरडून घसा बसला होता. त्याची बायको कडेला कोकरू पोटाशी धरून बसली होती. मी साडीचा पदर खोचला आणि धाकट्याच्या पुढं जाऊन उभी राहिले. टाइप करून करून पाठ झालेलं सगळं बाहेर काढलं. बेकायदा अडवणूक, नुकसानीचा पंचनामा, फौजदारी. माणूस ऐकून घेत होता. त्यानं ट्रॅक्टरवरूनच विचारलं, बाई, तुमी वकील हाय का? मी म्हटलं, नाही, वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट आहे.

"मग जा की, टाइप करा," तो म्हणाला.

आजूबाजूची माणसं हसली. माझे कान तापले. तो बरोबर बोलला होता. मी दीड वर्ष दुसऱ्याची भांडणं नीटनेटकी टाइप करत होते आणि भांडायचं राहूनच गेलं होतं.

तेवढ्यात आबा माझ्या बाजूनं पुढं गेले. मला वाटलं, आता पटका काढणार, हात जोडणार. तसं केलं नाही त्यांनी. ट्रॅक्टरवर हात ठेवून धाकट्याला म्हणाले, "इंजान तेवढं बंद करा, राव. गाभण हायत त्यातल्या." धाकट्यानं एक क्षण बघितलं आणि चावी फिरवली. रान एकदम शांत झालं. आबा मेंढरांच्या जवळ गेलेच नाहीत. उलट लांब, विहिरीपलीकडच्या बांधावर चढले, लंगडत, आणि पाठ ताठ करून उभे राहिले. हाळी दिली.

त्या गोळ्यातून आधी एक म्हातारी मेंढी बाहेर आली. मग दुसरी. मग सगळा गोळा सैल झाला, सुटला, आणि मेंढरं विहिरीच्या कडेनं त्यांच्याकडं चालू लागली. त्यांच्या पायाशी जाऊन हुंगायला लागली. आबा त्यांच्या मधे उभे होते आणि एकेकीच्या पाठीवर हात फिरवत होते. त्यांचा चेहरा मी बघितला. बाई गं. दीड वर्ष मी ज्या माणसाला घरी आणून बसवलं होतं, तो माणूस घरी आलाच नव्हता. तो इथं उभा होता. आबा रोज माझ्या समोर ओट्यावर असूनही मला त्या चेहऱ्याची किती आठवण येत होती, हे तेव्हा कळलं.

धाकटा ट्रॅक्टरवरून उतरला, पण घासाचं पालुपद सोडीना. आता मला कलमं आठवत नव्हती, त्यामुळं बरं झालं. मी म्हटलं, "दादा, घास आमच्या मेंढरांच्या पोटात गेला, कबूल. पण धान्य देणार थोरले, आन खत पडलं तुमच्या रानात. आता भरपाई कुनी कुनाला द्यायची ते तुमीच ठरवा, मी टाइप करून देते." पहिल्यांदा थोरला हसला. मग हसायचं नाही असं ठरवलेला धाकटा पण हसला. भावाभावांनी किती महिन्यांनी एकमेकांकडं बघितलं असेल देव जाणे. ठरलं ते असं की घास आणि खत एकमेकांत फिटलं, आणि मेंढरं त्या रात्री थोरल्याच्या रानात बसतील. बांधावरून आबा माझ्याकडं बघत होते. मी त्यांच्याकडं जसं बघितलं होतं ना मघाशी, अगदी तसंच.

दुपारी आम्ही थोरल्याच्या रानाच्या कडेला, पाण्याच्या पाटाजवळ बसलो. नामादादाच्या बायकोनं तीन दगडांवर हुलग्याच्या शेंगोळ्या शिजवल्या होत्या. आबांनी मागून घेऊन खाल्ल्या, घरी एका भाकरीत उठणारा माणूस. मेंढरं पाणी पीत होती. आबा पाटाकडं बघत म्हणाले, "शाले, तू ही नोकरी कशापायी धरलीस?"

मी म्हटलं, "तुमच्यासाठी. तुमी घरी राहावं म्हणून."

"आन मी घरी बसलो ते तुझ्यासाठी. पोरगी एवढं शिक्षान थांबवून कमावती, तिला कसं सांगायचं का मला हितं करमत न्हाय." त्यांनी पाटात हात बुडवून तोंडावरून फिरवला. "तू माझ्यासाठी थांबलीस, मी तुझ्यासाठी थांबलो. मग ह्यात सुखात कोन हाय, सांग बरं."

मी विचार करून म्हटलं, नामादादा असेल. आबा म्हणाले, त्यो तर सकाळधरनं रडतोय. आम्ही दोघं हसलो, आणि हसता हसता मला रडू यायला लागलं. त्यांनी माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला. म्हणाले, "मगाशी बोललीस तशी बोलायला जिथं शिकवत्यात तितं जा. पुण्यात असंल तर पुण्यात जा. मी माझ्या वाटंनं जातो." मी गुडघ्याचं काढलं. ते म्हणाले, गुडघा घरी बी दुखतोय, तितं निदान चालून दुखंल.

आणि ते माझ्याबरोबर परत आलेच नाहीत. तिथूनच मेंढरांबरोबर गेले. मला कोऱ्हाळ्याच्या फाट्यावर गाडीत बसवलं, आईला सांग म्हणाले, आणि गाडी हलायच्या आधीच पाठ फिरवून चालू लागले. मेंढरांचं पाणी पिऊन झालं असणार. मी खिडकीतून मागं बघत राहिले. इतकी वर्षं मी पुलावर उभी राहायची आणि ते जायचे. या वेळी आम्ही दोघंही जात होतो. रडले तरी मला हलकं वाटत होतं, हे खोटं कशाला सांगू.

कळंबला अंधार पडता पडता पोचले. आई चुलीपाशी होती. मी एकटीच आलेली बघून तिनं ओळखलं. म्हणाली, "गेलं व्हय? वाटलंच मला." परातीत पीठ घेतलं, थोडं माघारी डब्यात टाकलं. भाकरी तव्यावर टाकताना म्हणाली, "घोंगडं न्हेलं न्हाय त्यांनी. गारठत्याल." दुसऱ्या दिवशी मी ते घोंगडं नीरेच्या एसटीच्या कंडक्टरकडं दिलं. पोचलं ते. त्या काळी पोचायचं.

जूनमध्ये मी लॉला नाव घातलं. वकीलसाहेब म्हणाले, अजून एक वर्ष थांबली असतीस. मी म्हटलं, साहेब, थांबणं खूप झालं आमच्या घरात. त्यांनी रागानं पान थुंकलं आणि जाताना स्वतःची जुनी पुस्तकं बांधून दिली. नोकरी वाया गेली असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. पुण्यातल्या पोरांना दावा कसा लिहितात ते तिसऱ्या वर्षी कळलं, मी पहिल्या दिवसापासून हसत लिहायची. कोऱ्हाळ्याचा धाकटा पुढं बांधाच्या वादात माझ्याकडंच पक्षकार म्हणून आला. त्यानं मला ओळखलं नाही. मी त्याचा अर्ज मुद्दाम स्वतः टाइप केला आणि शेवटच्या पानावर सही घेताना आठवण करून दिली. बिचारा कुठं बघावं त्याला कळेना.

पण हिशोब कुठंतरी लागतोच. उन्हाळ्याची सुट्टी पडायची तेव्हा आबा घाटाखाली. आबा परत यायचे तेव्हा माझं कॉलेज सुरू. आम्हा बापलेकीला भेटायला उरली ती दिवाळी. मी पहाटे अभ्यंग करून ओट्यावर यायची तर ते आधीच वाघूर दुरुस्त करत बसलेले. मग आम्ही बोलायचो, नाहीतर नाही बोलायचो. पाडवा झाला की त्यांचं चित्त वाटेकडं लागायचं आणि माझं परीक्षेकडं. सनद मिळाली त्या दिवाळीला मी मुद्दाम काळा कोट घालून त्यांच्यापुढं उभी राहिले. त्यांनी बाही अंगठ्यानं चोळून बघितली. म्हणाले, "लोकर न्हाय ह्यात." आणि मग बराच वेळ ती बाही सोडली नाही. त्यानंतरच्या हिवाळ्यात घाटाखाली, मेंढरांच्या तळावर, झोपेतच ते गेले. नामादादाचा फोन आला तो वकीलसाहेबांच्या ऑफिसच्याच नंबरवर. आम्ही पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

मी नोकरीवरच राहिले असते तर आबा ओट्यावर असते. कदाचित आणखी पुष्कळ वर्षं असते. मी बरोबर केलं, आबांनी बरोबर केलं, हे मला माहीत आहे. एखाद्या संध्याकाळी तरी वाटतं, नुसते बसलेले का होईना, असते तर. पोरी मला प्रश्न विचारतात तेव्हा हेच ओठावर येतं आणि मी म्हणते, घे, चहा घे आधी.

दिवाळी झाल्यावरच्या आठवड्यात मी अजूनही तारखा घेत नाही. ज्युनियरना वाटतं, मॅडम आराम करतात. मी गाडी घेऊन कळंबला जाते आणि फाट्याच्या पुलावर उभी राहते. अजून जातात काही मेंढपाळ, आता घोड्याबरोबर एखादा छोटा हत्ती टेम्पोही असतो सामानाला. गेल्या वर्षी असाच एक कळप पुलावरून चालला होता. मागून चाललेल्या बाईनं मला विचारलं, कुनाची वाट बघताय, बाई? मी म्हटलं, कुनाची न्हाय, जाऊ द्या तुमची मेंढरं. ती पुढं गेली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून, या वयात, काळ्या कोटाची बाई मी, कठड्याला धरून उभी राहिले आणि छातीतून, नाकातून, आबांसारखी हाळी दिली. अगदी हुबेहूब जमली. लहानपणी कधी जमली नव्हती तशी.

एकाही मेंढरानं मान वर केली नाही. करतील कशी? ती आबांची कुठं होती.